अठ्ठेचाळीस वर्षं पडून राहिलेलं दुपटं

दुपटं आईकडेच होतं, हे ग्लेनिसला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं.

दर बुधवारप्रमाणे ती वृद्धाश्रमात आईला भेटायला गेली होती. आईने, म्हणजे नव्वदीच्या इल्माने, खणातून कागदी पिशवी काढली आणि पलंगावर ठेवली. आत कापडाचे चौकोन होते, काही एकमेकांना जोडलेले, काही नुसते टाचलेले. पिवळं, हिरवट, बारीक फुलांचं. ग्लेनिसने ते कापड लगेच ओळखलं.

"नेव्हिलच्या टालियाला डिसेंबरात बाळ होतंय," आई म्हणाली. "एवढं पुरं करून दे. चांगलं कापड आहे, वाया कशाला घालवायचं? तुझ्या घरात तर वापरायला कोणी नाही."

नेव्हिल म्हणजे ग्लेनिसचा धाकटा भाऊ, टालिया त्याची नात. ग्लेनिसने पिशवी उचलली, बाहेर आली आणि गाडीत बसली. गाडी सुरू न करता ती तशीच बसून राहिली. काचेवर माश्या घोंघावत होत्या. अर्ध्या तासाने आश्रमातली एक बाई काच ठोकून विचारायला आली, बरं वाटतंय ना म्हणून. ग्लेनिसने तिला इतक्या जोरात "हो" म्हटलं, की ती बिचारी दोन पावलं मागे सरली.

ते दुपटं तिने एकोणीसशे एकाहत्तरमध्ये शिवायला घेतलं होतं. वय सतरा. सुगीच्या वेळी गव्हाचे ट्रक चालवायला आलेला एक मुलगा सुगी संपल्यावर निघून गेला होता. आई गावातल्या बायकांचे कपडे शिवायची. तिच्या टोपलीतले उरलेसुरले तुकडे उचलून ग्लेनिस दार लावून शिवत बसायची आणि मग ते गादीखाली लपवायची. वीस चौकोन करायचे होते, तेरा झाले आणि पोट दिसायला लागलं. मग बापाने तिला मेलबर्नला नेऊन सोडलं. तिच्यासारख्या मुलींना ठेवून घेणारं एक घर होतं तिथे. गावात सांगितलं, बॅलरॅटच्या मावशीची सेवा करायला गेली आहे. त्या घरात ग्लेनिसने चार महिने दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या. ऑगस्टमध्ये मुलगी झाली. मध्ये चादर धरली होती, त्यामुळे रडणं ऐकू आलं, तोंड दिसलं नाही. सहाव्या दिवशी आई बाळ दत्तक देण्याचे कागद घेऊन आली. ग्लेनिसने सही केली.

घरी परतल्यावर गादीखाली दुपटं नव्हतं. बापाने चुलीत घातलं असेल असं ती धरून चालली, आणि तिने विचारलं नाही. त्या घरात कोणी कोणाला काही विचारतच नव्हतं. पुढे तिचं लग्न झालं, मूल झालं नाही, नवरा गेला. दत्तक गेलेल्या मुलांना शोधायची मुभा मिळाली तेव्हा तिने मुलीचा शोध घेतला. सरकारी कचेरीतून दोन ओळींचं उत्तर आलं: मुलगी हयात आहे, संपर्क नको आहे. ते पत्र ग्लेनिसने फाडलं नाही, पण परत वाचलंही नाही.

त्या बुधवारी घरी येऊन तिने चौकोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. मोजले, तर पंधरा भरले. तिने पुन्हा मोजले. तेरा तिचेच होते, मोठमोठ्या तिरक्या टाक्यांचे, घाईने शिवलेले. उरलेल्या दोनांवर मात्र टाके तांदळाच्या कणीएवढे होते आणि आखून घेतल्यासारखे सरळ. असे टाके पंचक्रोशीत एकाच बाईचे होते. गावच्या शेतकी प्रदर्शनात शिवणकामाची परीक्षक म्हणून इल्माने बावीस वर्षं इतरांच्या टाक्यांत चुका काढल्या होत्या.

ग्लेनिस खुर्चीत बसली. आईला बाळ नकोच होतं, असं समजून ती आजवर जगली होती. त्या रागाशी तिचं जमून गेलं होतं. हा राग नवा होता. लेक मेलबर्नला चादरी धूत असताना आई इथे नातवंडासाठी दुपटं शिवत होती, आणि तरीही कागद घेऊन आली होती.

तिने कात्री घेतली आणि त्या दोन चौकोनांतला पहिला टाका उसवला. दुसऱ्या टाक्याशी थांबली. राहू दे, ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली. पुरावा आहे तो.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आश्रमात गेली. आईने आधी ऐकू येत नसल्याचं सोंग केलं, मग चहा मागवू का विचारलं. ग्लेनिसने दोन्ही चौकोन तिच्या मांडीवर टाकले.

आई बराच वेळ त्यांवरून अंगठा फिरवत राहिली. "मला वाटलं होतं तुझा बाप विरघळेल," ती म्हणाली. "कधीमधी थोडं थोडं शिवत होते. मग तिथून फोन आला, मुलगी झाली म्हणून. तो नाहीच म्हणाला. मी सुई ठेवून दिली."

"आणि कागद घेऊन आलीस."

"त्याने पाठवलं."

"तू मला म्हणालीस, सही कर, म्हणजे घरी जाता येईल."

"मग आणलंच ना तुला घरी," आई म्हणाली.

ग्लेनिसने चौकोन परत घेतले. आपला हात आईवर उगारला जाईल अशी भीती तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटली, म्हणून ती उठून निघून आली.

राहिलेले पाच चौकोन तिने तीन आठवड्यांत केले. बोटांची पेरं सुजलेली, सुई धरवत नव्हती. दोन सुया मोडल्या. कापडाला रक्ताचा ठिपका लागला तो तिने थंड पाण्याने धुतला, तरी जरासा राहिलाच. मध्ये लोकरीचा थर घातला, मागे पांढरं अस्तर लावलं, सगळीकडून हिरवा गोट फिरवला. मायेने शिवतात म्हणे लहान मुलांची दुपटी. ग्लेनिस दात आवळून शिवत होती.

मग ते तिने ऑक्टोबरच्या प्रदर्शनात दिलं, हाताने शिवलेल्या दुपट्यांच्या गटात. सोबत स्वतःच्या अक्षरातलं कार्ड लावलं: "माझ्या मुलीसाठी. जन्म ११ ऑगस्ट १९७१. गावाला सांगितलं, मी बॅलरॅटला आहे. मी मेलबर्नला होते, आणि तिला माझ्यापासून काढून घेतलं. यातले दोन चौकोन माझ्या आईने, इल्माने शिवले आहेत."

त्याच संध्याकाळी रॉन्डाचा फोन आला. रॉन्डा हस्तकलेच्या दालनाची व्यवस्था बघायची. तिने हवापाण्यापासून सुरुवात केली आणि हळूच विषयावर आली. कार्ड बदलता येईल का, लहान मुलंही बघायला येतात. ग्लेनिसने नियमांची पुस्तिका काढून वाचून दाखवली: वस्तूची माहिती पन्नास शब्दांपर्यंत देता येते. माझे त्याहून कमी आहेत, म्हणाली, मोजून बघ. रॉन्डाने बहुतेक मोजले असावेत, कारण पुन्हा फोन आला नाही.

नेव्हिल मात्र स्वतः आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. त्याला तेव्हा कोणी काही सांगितलं नव्हतं, तो पंधरा वर्षांचा होता, हे त्याने आधी सांगून टाकलं. मग टालियाच्या बाळाचं काय, असं विचारलं. आणि शेवटी मुद्द्यावर आला.

"आईचं वय बघ गं जरा. चार लोकांत तिची शोभा कशाला?"

"माझं वय कोणी बघितलं होतं?" ग्लेनिस म्हणाली. "टालियाला दुकानातून घेऊन दे. मऊ मिळतात."

प्रदर्शनाच्या शनिवारी उत्तरेचा, वाळवंटावरून येणारा गरम वारा सुटला होता आणि पत्र्याचं दालन भट्टीसारखं तापलं होतं. दुपट्यापाशी लोक येत आणि वाकून कार्ड वाचत. काहीजणी ग्लेनिसकडे न बघताच लोणच्या-मुरंब्यांच्या टेबलाकडे सरकल्या. एका म्हातारीने तिचं मनगट नुसतं दाबलं आणि निघून गेली. बक्षीस मिळालं नव्हतं. बाहेरगावच्या परीक्षकबाईंनी चिठ्ठी लावली होती: टाक्यांत सारखेपणा नाही. ग्लेनिसला भर गर्दीत त्या बाईंना शोधून काढून सांगावंसं वाटलं, की नसणारच.

दुपारी आई आली. तिनेच हट्ट धरला होता. नेव्हिलने चाकाची खुर्ची दुपट्यासमोर आणून लावली आणि मेंढ्या बघून येतो सांगून सटकला. आईने चष्मा लावला आणि कार्ड सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. आजूबाजूच्या बायका पांगल्याही नाहीत आणि जवळही आल्या नाहीत. ग्लेनिस हाताची घडी घालून उभी होती. आई आता रडेल, नाहीतर चक्कर आल्याचं म्हणेल, अशी तिची खात्री होती. दोन्हींसाठी तिच्याकडे उत्तर तयार होतं.

आईने मान वळवली आणि त्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ते दोन माझे आहेत. कार्डावर लिहिलंय ते खरं आहे."

ग्लेनिसच्या हातांची घडी सुटली. बायकांतली एक खोकली.

आईने तिची बाही ओढून तिला खाली वाकवलं. "नाव काय ठेवलं होतंस तिचं?"

नाव ठेवलं होतं. त्या सहा दिवसांत ग्लेनिसने ते मनातल्या मनात हजारदा म्हटलं होतं. आजवर ते तिला कोणी विचारलं नव्हतं, नवऱ्यानेसुद्धा नाही. आईचे डोळे चष्म्याआड पाणावले होते आणि ती खरंच वाट बघत होती.

"तुला नाही सांगणार," ग्लेनिस म्हणाली.

आईने समजल्यासारखी मान हलवली. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि माफीही मागितली नाही. ग्लेनिस क्षणभर तशीच वाकून थांबली, कदाचित मागेल म्हणून. मग ती सरळ झाली. नेव्हिलचा कुठे पत्ता नव्हता आणि उकाड्याने आईचं तोंड लाल झालं होतं. तिने खुर्चीचा ब्रेक काढला आणि चहाच्या तंबूकडे ढकलत नेली. वाटेतल्या खडीवर चाकं अडखळत होती, तरी ग्लेनिसने मुद्दाम वेग कमी केला नाही.