तोमिएच्या तोंडचं कौतुक

"दारावर तीनदा टकटक करायची. दोनदा करतात ती संडासाच्या दारावर," तोमिए म्हणाली. गेल्या महिन्याभरात हे ती इतक्यांदा म्हणाली होती की चिनात्सुने नुसती मान डोलावली. दंत महाविद्यालयाच्या व्हरांड्यात दोघी मायलेकी बाकावर बसून होत्या. मुलाखतीला लेक तयार होती. तयार नव्हती ती आई.

या महाविद्यालयात उमेदवाराबरोबर आईला किंवा बापालाही आत बोलावतात. या दोघींच्या, म्हणजे हिरोओकांच्या घरून बाप येणं शक्यच नव्हतं. योशिताका म्हणजे लेकीच्या लग्नात दोन शब्द बोलावे लागतील म्हणून आत्तापासूनच घाम फुटणारा माणूस. शिवाय दुकान कोण बघणार? इगा गावात त्यांचा कातायाकी बिस्किटांचा धंदा. ही बिस्किटं इतकी कडक की लाकडी हातोडीने फोडून खायची. चिनात्सुला दातांची डॉक्टर व्हायचंय हे कळल्यापासून गिऱ्हाइकांना तर आयतंच कोलीत मिळालं होतं. बाप दात पाडणार आणि लेक बसवणार, घरचाच धंदा, असं म्हणून ते पैसे मोजताना हसायचे.

पण चिनात्सु प्रवेश परीक्षेत दोनदा नापास झाली होती आणि ही तिसरी खेप होती. "यंदा नाही जमलं तर एप्रिलपासून तव्यावर ये," योशिताका म्हणाला होता. रागावून नाही, आपलं साधंच. चिनात्सुही "बरं" म्हणाली. ते म्हणताना तिचा चेहरा कसा उतरला ते तोमिएने पाहिलं, आणि त्या दिवसापासून मुलाखतीची तयारी लेकीपेक्षा आईनेच जास्त केली. घरातल्या शिस्तीबद्दल काय सांगायचं, लेकीला घरापासून दूर ठेवायची तयारी आहे का, सगळी उत्तरं तिने तव्यासमोर पाठ केली. दोन-चार घाणे करपलेही.

पाठ केली नाही ती एकच गोष्ट, कारण ती कुणाच्या डोक्यातच आली नाही. आपल्या पोरांचं कुणी कौतुक केलं तर ते लागलीच झटकून टाकायचं, ही इथली रीत. शेजारच्या हामाए बाईंनी म्हणावं, "तुमची चिनात्सु किती शांत." तोमिएने म्हणावं, "शांत कसली, मंद आहे. तुमचा पोरगा बघा कसा चुणचुणीत." मग हामाए बाईंनी म्हणावं, "चुणचुणीत? अहो, नुसता वांड आहे." एवढं झालं की दोघींनी वाकून नमस्कार करायचा आणि समाधानाने आपापल्या घरी जायचं. हे चालू असताना पोरं शेजारीच उभी राहून ऐकत असत. त्यांना काय वाटतं हे विचारायची रीत मात्र नव्हती.

नाव पुकारलं. चिनात्सुने तीनदा टकटक केली, आत जाऊन वाकली, 'बसा' म्हटल्यावरच बसली. तोमिएही बसली, पाठ खुर्चीला न टेकवता. समोर निशिवाकी नावाचे पांढऱ्या भुवयांचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या शेजारी कुराता बाई, हातात पेन घेऊन. टेबलावर मेणाची एक दाढ ठेवली होती. सकाळी सगळ्या मुलांना मेणाचा ठोकळा देऊन दाढ कोरायला लावली होती, त्यातली ही चिनात्सुची.

सुरुवात झकास झाली. चिनात्सु न अडखळता बोलली. तोमिएनेही घरातल्या शिस्तीचं उत्तर एका दमात म्हटलं, जरा जास्तच एका दमात. मग निशिवाकी सरांनी ती दाढ उचलली, खिडकीकडे धरून फिरवली आणि म्हणाले, "हिरोओकासान, तुमच्या मुलीचा हात फार चांगला आहे."

"छे हो, कसला चांगला," तोमिए म्हणाली. "हात म्हणजे नुसतं लाकूड. सफरचंद सोलायला दिलं तर सालाबरोबर अर्धं सफरचंद जातं. सकाळी उठवता उठवता माझा घसा बसतो. कुठल्या कामाची नाही बघा."

हसतहसत बोलून झालं आणि मग आपण कुठे बसलो आहोत हे तिच्या ध्यानात आलं. कुराता बाईंचं पेन कागदावर चालू झालं होतं. तीन वर्षं पोरगी पुस्तकात डोकं खुपसून बसली आणि आईने तिची वाट लावली ती अशी, नम्रपणे, वाकून. आपली जीभ हासडून टाकावी असं तिला वाटलं. चिनात्सु गुडघ्यांवर हात ठेवून तशीच बसली होती. तिला नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"असं होय," निशिवाकी सर गंभीरपणे म्हणाले. "मग ही दाढ कोरली कुणी?"

"हिनेच."

"लाकडी हातांनी?"

तोमिए उठून उभी राहिली. उठायचं नसतं हे तिला पाठ होतं, तरी उठली. "मी खोटं बोलले. सवयीने तोंडातून गेलं. माफ करा." ती कमरेत पार वाकली, आणि तशी वाकूनच, जमिनीकडे बघत म्हणाली, "तिचे हात चांगले आहेत. फार चांगले आहेत. आमच्या घरात असे हात कुणाचेच नाहीत. तिचे आजोबा असताना..." इथे ती थांबली. सरांनी थोडी वाट पाहिली. "नाही, एवढंच," ती म्हणाली.

"माझी आईसुद्धा," निशिवाकी सर दाढ खाली ठेवत म्हणाले, "मी प्राध्यापक झालो तेव्हा शेजाऱ्यांना सांगत होती, दुसरं काही जमलं नाही म्हणून. बसा, हिरोओकासान." कुराता बाई ओठ दाबून हसल्या.

चिनात्सु पास झाली. निकाल पुढच्या आठवड्यात लागला, पण आत्ताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याचा अर्धा जीव तिकडेच राहील. आणि खरी गोष्ट निकालाची नाहीच. ती मुलाखतीनंतर स्टेशनजवळच्या उदोन नूडल्सच्या दुकानात घडली.

गाडीला वेळ होता म्हणून दोघी गरम उदोन घेऊन बसल्या. चिनात्सुने वाफेत तोंड घालून दोन-तीन घास ओढले आणि ती म्हणाली, "आई, काय झकास नाटक केलंस गं. 'आमच्या घरात असे हात कुणाचेच नाहीत.' क्षणभर मलाच खरं वाटलं."

"क्षणभर म्हणजे?"

"म्हणजे तिथे तसं बोलावंच लागतं ना. आधीचं तोंडातून गेलं ते सावरायचं होतं. छान सावरलंस तू. खरंच."

ती अजिबात कुरकुरत नव्हती. आईला बरं वाटावं म्हणूनच बोलत होती. तेच तोमिएला फार लागलं. खोटं ते पोरीने खरं धरलं होतं आणि खरं ते नाटक. यात पोरीची काय चूक? वीस वर्षं तिने एकच बाजू ऐकली होती, आणि ती ऐकवली कुणी?

तोमिएने काड्या वाडग्यावर ठेवल्या. "आता इथे कुणी मुलाखत घेत नाहीये," ती म्हणाली. "आता ऐक. आजोबांचं शेवटी डोकं चालेना, आठवतंय? दात घासायला गेलं की तोंड मिटून घ्यायचे. तुझ्या बाबांना चावले. मला चावले, हे बघ बोटावर अजून आहे. नर्स आली, तिलाही चावले."

"मला नाही चावले."

"तेच सांगतेय. तू ब्रश घेऊन नुसती बसायचीस त्यांच्याजवळ. काहीतरी फालतू बडबडायचीस, शाळेतलं. घाई नाही, जबरदस्ती नाही. आणि मग ते आपणहून आ करायचे. मग तू एकेक दात असा घासायचीस की त्यांना झोप लागायची. मी दाराआडून बघायचे."

चिनात्सुने मान वर केली. "तू बघायचीस?"

"रोज. कामं टाकून बघायचे. मनात म्हणायचे, ही माझी मुलगी, हे मला कसं काय मिळालं. आणि सकाळी हामाए बाईंना सांगायचे, मंद आहे म्हणून."

चिनात्सुने वाडगा बाजूला सारला. "मग हे आत का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "तोंडाशी आलं होतं तुझ्या. सरळ प्रवेश दिला असता त्यांनी."

"आलं होतं," तोमिए म्हणाली. "पण वाटलं, हे आधी तुला सांगायचं राहिलंय. त्यांना कसं सांगू? आणि तिथे बोलले असते, तर आत्ता तू तेही नाटकच म्हणाली असतीस."

चिनात्सुचं नाक लाल झालं होतं आणि ते उदोनच्या वाफेने झालेलं नव्हतं. बाहेर त्यांच्या गाडीची घोषणा चालू झाली. तोमिएने पिशवी उचलली.

"आई," चिनात्सु म्हणाली, "परत एकदा सांग ना."

तोमिएने पिशवी खाली ठेवली, आणि गाडी जाऊ देऊन सगळं पहिल्यापासून सांगितलं.