पान सत्त्याऐंशीवरची वस्ती

"पुन्यांदा वाच," आत्या म्हणाल्या. परातीतल्या पिठात त्यांचे हात तसेच थांबले होते.

मी पुन्हा वाचलं. अहवाल इंग्रजीत होता, जमेल तसं मराठी करत होते. प्रस्तावित दगडखाणीच्या ईशान्येला दोनशे मीटरवर सुमारे चाळीस घरांची वस्ती आढळली. सर्व घरे कुलूपबंद. वस्ती वापरात नसून निर्जन आहे. पान सत्त्याऐंशी.

"निर्जन म्हंजी?"

"माणूस राहत नाही असं."

आत्यांनी चुलीकडे पाहिलं, मग दूध पिता पिता माझ्या मांडीवर झोपी गेलेल्या शिवन्याकडे. "मग हितं भाकरी कोन थापायलंय?" एवढंच विचारून त्यांनी गोळा हातावर घेतला.

सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. माझ्या आत्या, तुळजाबाई, तीस हंगाम ऊस तोडून आल्या. कंबर गेली तेव्हापासून त्या दरावस्तीतच राहतात. अभिमन्यू, म्हणजे माझा नवरा, दिवाळी झाली की ट्रॅक्टर घेऊन सांगलीकडच्या कारखान्यावर जातो. वस्तीतली बाकीची घरंही तेव्हाच निघतात. नेकनूरच्या पलीकडे, टेकडीच्या पायथ्याला आमची एक्केचाळीस घरं. हंगामात त्यातली चौतीस बंद असतात. मागे राहतात आम्ही आणि सहा घरची म्हातारी माणसं.

मी पुण्याच्या एका विद्यापीठात एलएलएम करते. विषय पर्यावरण आणि हवामान बदल कायदा. निम्मे तास मोबाईलवर, निम्मे तिथे जाऊन. पहिल्या परीक्षेला शिवन्या तीन महिन्यांची होती. आत्या माझ्यासोबत एसटीने आल्या आणि चारही पेपरांना कॉलेजच्या आवारातल्या कडुलिंबाखाली तिला घेऊन बसल्या. पेपर संपवून बाहेर आले की आधी तिला माझ्याकडे द्यायच्या, आणि मगच विचारायच्या, सगळं लिवलं का.

घरी अभ्यास व्हायचा तो शिवन्याच्या झोपेच्या मापाने. ती निजली की मी पुस्तक उघडायची. आत्यांना नुसतं गप्प बसून काम करणं आवडत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचायची. घटनेचं कलम एकवीस, जगण्याचा हक्क, त्यांनी भाकरी भाजता भाजता ऐकलं. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यायची, हे तत्त्व ऐकून म्हणाल्या होत्या, ह्यात काय नवं, सांडलं त्यानं पुसावं.

खाणीचा अहवाल मी तीन वेळा वाचला होता. धुळीचे आकडे, भूजलाची पातळी, सुरुंगाच्या हादऱ्याचं गणित यांवर चौदा पानांची हरकतही तयार केली होती. पान सत्त्याऐंशी मात्र दर वेळी माझ्या नजरेखालून निसटलं. आकड्यांच्या मागे लागलेल्या माणसाला साधी ओळ दिसत नाही. आत्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "आपली वस्ती कुटं लिवलीय ते वाच की."

ती ओळ कशी आली हे लगेच कळलं. पाहणीची तारीख गेल्या वर्षीच्या जानेवारीतली होती, आणि तो बाजाराचा दिवस. आमच्यासकट सातही घरं कुलूप लावून बाजाराला गेलेली. पाहणी करणारे आले, एक्केचाळीस कुलपं पाहिली आणि निघून गेले. आता वस्ती निर्जन ठरली की घरांपासून राखायचं अंतर मोजायलाच नको. सुरुंग दोनशे मीटरवर फुटणार. मे महिन्यात माणसं परत येतील तेव्हा भिंतींना तडे असतील आणि कागदावर त्या भिंती कुणाच्याच नसतील.

जनसुनावणीची तारीखही येत्या जानेवारीतलीच निघाली.

मी मार्गदर्शक मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, चौदा पानं लेखी दे, पण बोलायला तुला तीन मिनिटं मिळतील. त्यात एकच गोष्ट सांग. ती कोणती, हे मला आता माहीत होतं.

सुनावणी गावातल्या शाळेच्या मैदानावर झाली. मांडवात दोनशे खुर्च्या होत्या आणि माणसं पंचवीस. पुढच्या दोन रांगा सुंदररावांच्या. सुंदरराव गावचे पुढारी. खाण झाली तर पहिले टिप्पर त्यांचे लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते स्वतःही लपवत नव्हते. समोर टेबलामागे अपर जिल्हाधिकारी, शेजारी प्रदूषण मंडळाचे अधिकारी आणि टिपणं घेणारे एक गृहस्थ.

सुंदरराव बोलले ते चांगलं बोलले, हे मान्य करायला हवं. आपल्या माणसांना सहा महिने परमुलखात जावं लागतं, लेकरांची शाळा बुडते, बायांच्या कंबरा मोडतात. हितंच काम मिळालं तर ऊस तोडायला कशापायी जातील? मग मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "वर्षाराणी लई शिकली, आमाला अभिमान हाय. पन पुस्तकात पाऊस पडतो पोरी, रानात न्हाई."

रांगेतले हसले. मलाही हसू आलं, कारण वाक्य खरंच बरं होतं.

माझी पाळी आली. शिवन्याला कडेवर घेऊनच मी उठले. खाण नको असं मी म्हणत नाही, म्हणाले. काम इथे मिळालं तर आम्हालाही हवंच आहे. पण ज्यांच्यासाठी ते काम आहे म्हणता, ती माणसं अहवालात नाहीत. ती ऊस तोडायला गेली असताना तुम्ही त्यांची घरं पाहिलीत, आणि ती ऊस तोडायला गेली असतानाच त्यांना बोलायला बोलावलंत. दरावस्ती निर्जन नाही. तीन मिनिटांतली दोनच लागली.

अपर जिल्हाधिकारी सभ्य होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, की सुनावणीला अमुक इतकी माणसं हजर हवीत अशी अट नाही. ते मला ठाऊक होतं. वस्ती वापरात असल्याचा काही पुरावा आहे का, त्यांनी विचारलं. मतदारयादी मी आणली होती, पण तीत सगळं गाव एकत्र, वस्तीचं नाव वेगळं नाही. रेशनकार्डं माणसांबरोबर गेलेली. विजेचे मीटर अकराच घरांना. मी अकरा बिलं पुढे ठेवली.

"म्हणजे अकरा घरं," टिपणं घेणारे म्हणाले आणि लिहू लागले.

तेव्हा आत्या उठल्या. शेवटच्या रांगेतून टेबलापर्यंत यायला त्यांना वेळ लागला. कुणी थांबवलं नाही. कनवटीची पिशवी सोडून त्यांनी ती टेबलावर, लिहिणाऱ्याच्या कागदावरच उपडी केली. किल्ल्याच किल्ल्या.

ऊसतोडीला निघताना आमच्याकडे किल्ली बरोबर नेत नाहीत. उसाच्या फडात, पालाच्या कोपीत, ट्रॉलीत हरवायची भीती. ती आत्यांकडे देतात. आत्यांना अक्षर येत नाही, म्हणून प्रत्येक घरची बाई आपल्या लुगड्याची एक चिंधी फाडून किल्लीला बांधते. दर अमावास्येला आत्या चौतीस घरं उघडतात, केर काढतात, उंदरांचं बघतात, देवापुढे दिवा लावतात आणि पुन्हा कुलूप घालतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे पाहत होते. ऊसतोड कामगारांवरच्या माझ्या प्रबंधाच्या दीडशे पानांत मी हे कुठे लिहिलं नव्हतं.

"सायेब," आत्या म्हणाल्या, "घर सोडून गेलेला मानूस किल्ली जपाया देतो का?"

मांडवात कुणी हसलं नाही. सुंदररावही नाही, त्यांच्या सख्ख्या मावशीची किल्ली त्या ढिगात होती.

अपर जिल्हाधिकाऱ्यांनी एक किल्ली उचलून चिंधी पाहिली. मग लिहिणाऱ्या गृहस्थांना म्हणाले, नावं घ्या. त्या गृहस्थांनी सुचवलं, की एका महिलेने वस्तीबाबत आपले म्हणणे मांडले, एवढं पुरेसं होईल. मी म्हणाले, मांडलेलं प्रत्येक म्हणणं कार्यवृत्तात जसंच्या तसं आलं पाहिजे, आणि शेवटी ते इथेच सगळ्यांना मराठीत वाचून दाखवायचं, मगच सह्या. जनसुनावणीच्या अधिसूचनेतच आहे. कलमही सांगितलं. साहेब म्हणाले, बरोबर आहे, लिहा.

मग आत्या एकेक किल्ली हातात घेऊन चिंधी चाचपत गेल्या. हे वनमालाचं, पाच मानसं. हे तिच्या शेजारनीचं, चार आन् म्हातारी. हे रामकिसनचं, त्याच्या सुनेला दिस गेलेत, सहा धरा. गृहस्थ आधी कंटाळून लिहीत होते. मग खुर्ची पुढे ओढून लिहू लागले. मध्ये एकदा त्यांनी स्वतःहून विचारलं, ह्या दोन चिंध्या सारख्याच दिसतात, चुकत तर नाही ना? जावा हायत, आत्या म्हणाल्या, एकाच बाजारात घेतलं लुगडं. पन एकीचं धुऊन धुऊन इटलंय, बघा की हात लावून. त्यांनी खरोखर हात लावून पाहिला.

हिरव्या चिंधीच्या एका किल्लीपाशी आत्या थांबल्या.

"हे कुणाचं?"

"मंजुळाबाईचं. सटवाच्या मंजुळाचं."

"माणसं किती?"

मंजुळाबाई दोन हंगामांपूर्वी, मार्चमधल्या भर दुपारी, फडातच कोसळली होती. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार आहे. माझ्या प्रबंधाचं उन्हावरचं प्रकरण तिच्यापासून सुरू होतं, पण तिथे तिचं नाव नाही. संशोधनात नाव घालत नाहीत. मागे तिचं कुणी उरलेलं नाही.

"शून्य लिवा," आत्या म्हणाल्या. "पन घर लिवा. दिवा लागतो तितं."

गृहस्थांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली.

मागे राहिलेली आमची सात घरंही लिहून सगळं संपायला दीड वाजला. मंजुरीचा निर्णय इथे होत नाही. तो वरच्या समितीकडे जाईल, कागदावर कागद चढतील, मी ते एकेक बघत राहीन. पण पान सत्त्याऐंशी आता एकटं जाणार नव्हतं. त्याच्या मागोमाग आमच्या घरांच्या यादीची चार पानं जाणार होती.

सुंदररावांची माणसं जेवायला निघाली होती. सुंदरराव मात्र थांबले. मांडववाले मागच्या बाजूने खुर्च्या एकावर एक चढवायला लागले होते. गृहस्थ उभे राहिले आणि कार्यवृत्त वाचू लागले. शेवटी घरांची यादी आली. त्यांनी पहिलं नाव वाचलं, आप्पा उत्तरेश्वर. वस्तीतले म्हातारे आप्पा काठी टेकून समोरच बसले होते. यादी नुसती ऐकायची आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते उठले आणि म्हणाले, "हाय."

मग तसंच सुरू झालं. म्हातारी माणसं आपापल्या नावाला हाय म्हणत गेली. पुढे बंद घरं आली तेव्हा आत्या बोलू लागल्या. वनमाला हनुमंत. हाय. रामकिसन सिदू. हाय. मी शिवन्याला खांद्यावर घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. आत्या कुणाकडे बघत नव्हत्या, आवाजही चढवत नव्हत्या.

"मंजुळाबाई सटवा," गृहस्थांनी वाचलं, आणि कागदावरून मान वर करून थांबले.

"हाय," आत्या म्हणाल्या.

गृहस्थांनी पुढचं नाव घेतलं.