शेंदराखालचा बाण

मारुतरावांच्या लॉरीवर भैरू अकरा वर्षं क्लिनर होता, आणि या अकरा वर्षांत त्याने क्लीन सोडून सगळं केलं होतं. सकाळी हँडल मारायचं, चढावर गाडी थांबली की उडी टाकून चाकाखाली दगड लावायचा, ड्रायव्हर दत्तोबाला तंबाखू मळून द्यायची आणि चाकण ते दापोडी कांद्याच्या पोत्यांवर बसून यायचं. मोशीला त्याची बायको मंजुळाबाई शेजारणींना सांगे, "आमचं हे मोटारीवर असत्यात." ते अक्षरशः खरं होतं. आत बसायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

इंजिनाला मात्र हात लावायचा नाही, असा दत्तोबाचा दंडक होता. "मळ हाय म्हणून ते एकजीव हाय," तो म्हणे. "पुसशील तर नटं-बोल्टं सुटी व्हत्याल."

भैरूने तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या गाडीवर शिकून ड्रायव्हरचं लायसन काढलं होतं. मेणकापडात गुंडाळून ते तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवी. त्याचा उपयोग एवढाच, की छातीवर थंडी लागत नसे.

पंचावन्न साली त्याचं नशीब उघडायला लागलं, म्हणजे दत्तोबाचे डोळे मिटायला लागले. समोरून आलेल्या एका बैलगाडीच्या त्याला दोन दिसत, आणि तो सरळ मधून जायला बघे. तेव्हा मारुतरावांनी भैरूला बोलावून सांगितलं, "अवंदा गाडी पास झाली, की स्टेअरिंग तुजं."

सरकारी तपासणीत गाडी दरवर्षी पासच होत असे. आधीचे साहेब दहा हातांवर छत्री धरून उभे राहत, इंजिनाकडे बघून नाक मुरडत आणि इंजिनाचा नंबर गाडीच्या पुस्तकातूनच उतरवून घेत. पण यंदा नवे साहेब आले होते. ते इंजिनात रुमाल घालून बघतात आणि रुमाल काळा निघाला तर गाडी परत पाठवतात, अशी बातमी चाकणच्या बाजारात आली होती.

मारुतराव जुन्नरला लग्नाला निघाले होते. तिथूनच ते परस्पर दापोडीला तपासणीच्या मैदानावर येणार होते. जाता जाता म्हणाले, "भैरू, जरा पुसूनबिसून घे."

त्यांचा भर 'जरा'वर होता. भैरूने फक्त 'पूस' ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तोबाने विहिरीपाशी लॉरी उभी केली आणि भैरूने बॉनेट उघडलं. आत इंजिन असावं, असा नुसता अंदाज येत होता. बोटभर जाड चिखल, त्यावर तेल, तेलावर कांद्याची सालं, कोपऱ्यात चिमणीचं सोडलेलं घरटं. करंटच्या डब्यात पाणी जाऊ नये म्हणून त्याने त्यावर मंजुळाबाईच्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं. मग रॉकेलचा बोळा, पत्र्याची खरवडणी, नारळाची शेंडी, धुण्याचा सोडा घातलेलं कढत पाणी, अशी सुरुवात केली. दुपारपर्यंत मळाखालून दत्तोबाची चुन्याची डबी निघाली. एक्कावन्न साली त्याने ती चोरल्याचा आळ भैरूवर घेतला होता.

"घ्या. तुमची डबी," भैरू म्हणाला.

दत्तोबाने ती डोळ्यांशी नेली. "म्हंजी चोरून हितं लपवली व्हतीस व्हय!"

भैरू पुढे घासत राहिला. राहता राहिला तो शेंदूर.

इंजिनाच्या एका अंगाला शेंदराचा गोळा होता. मारुतरावांच्या आई छबूबाई यांना फार वर्षांपूर्वी तिथे लोखंडात उठवलेला एक बाण दिसला. रामाचा बाण! म्हातारीने हात जोडले, आणि तेव्हापासून दर दसऱ्याला त्यावर तेल-शेंदूर चढू लागला. आता तो वीतभर फुगला होता. मारुतराव एरवी देवळाबाहेर चपला सांभाळत उभे राहणारे, पण हा शेंदूर ते स्वतः आणून देत. आईच्या शब्दाबाहेर नाही हो पोरगा, असं गाव म्हणे.

भैरूचा हात अडखळला. त्याचं नावच भैरोबावरून ठेवलेलं. शेंदराला खरवडणी लावायची म्हणजे घरच्या देवाची हजामत. तो छबूबाईंकडे गेला.

"आजी, देवाचं कवच लई जड झालंय. काढू का?"

म्हातारी काठी टेकत विहिरीवर आली, वाकून बघून म्हणाली, "गावच्या भैरोबाचं कवच आपसूक गळालं, तवा आतली मूर्त कशी लखलखीत निघाली! काढ. देवाला बी आंघुळ लागतीच की."

शेंदूर निघाला. खाली बाण निघाला, बाणाखाली आकड्यांची ओळ निघाली. भैरूने विटकरीच्या भुकटीने ती अशी घासली, की छबूबाईंनी त्यात तोंड पाहून पदर सारखा केला.

दापोडीच्या मैदानात दुसऱ्या दिवशी साहेबांनी रुमाल घातला. पांढरा गेला तो पांढराच आला. मागे उभ्या असलेल्या चार लॉरीवाल्यांनी भैरूकडे खुनशी नजरेने पाहिलं.

"कुणी केलं हे?"

"म्या जी. क्लिनर." अकरा वर्षांत हा शब्द पहिल्यांदा खरा झाला होता.

"वा! गाडी अशी ठेवावी." साहेबांनी पेन उघडलं.

इथे भैरू गप्प बसला असता, तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेब 'वा' म्हणाला होता. "साहेब, हिकडनं बघा की. रामाचा बाण हाय!"

साहेबांनी चष्मा लावला. बाण पाहिला, खालचा नंबर वाचला, पुस्तकातला वाचला, आणि पेन पुन्हा बंद केलं. तेवढ्यात लग्नाचा फेटा डोक्यावर तसाच ठेवून मारुतराव पोचले.

"मालक, हा बाण रामाचा नाही," साहेब म्हणाले. "लष्कराचा आहे. सरकारी मालावर मारतात. हे इंजिन तुमच्याकडे आलं कसं?"

लढाईच्या दिवसांत, भैरू कामावर यायच्या आधी, गाडीचं मूळ इंजिन फुटलं होतं. कुणीतरी कुणाकडून तरी हे आणून दिलं होतं. कागद मागायचा नाही, एवढीच त्याची अट होती. म्हातारीला बाणात राम दिसला, तेव्हा तो मारुतरावांनाही खरोखरच पावला होता: बाण आणि नंबर दोन्ही शेंदराखाली गेले.

"शेंदूर कुठाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"खरवडला, मालक."

"खरवडला?"

"आजींला इचारून."

मारुतरावांनी फेटा काढून काखेत घेतला.

पंचनामा झाला. साखळीची घोडी आणून दुपारपर्यंत इंजिन उचललं आणि जप्तीच्या खटाऱ्यात ठेवलं. "बाकी गाडी घेऊन जा," साहेब म्हणाले. बाकी म्हणजे चाकं, पत्रा आणि एक भोंगा. सोनबा गाडीवानाच्या दोन बैलजोड्या पुढे जुंपल्या. दत्तोबा मागे फळीवर जाऊन बसला. इंजिन नसलेली गाडी चालवणं त्याला कमीपणाचं वाटत होतं.

"बस," मारुतराव भैरूला म्हणाले. "धर स्टेअरिंग. शब्द दिला व्हता न्हवं? बैलांवर जाऊ देऊ नगं. बिरेक हायत अजून."

भैरू आत बसला. अकरा वर्षांनी आत बसला.

मोशीला मंजुळाबाई ताट घेऊन रस्त्यावर उभी होती. नवरा आज गाडी चालवत येणार, हे तिने सकाळीच सगळ्या आळीला सांगितलं होतं, त्यामुळे सगळी आळीही उभी होती. तिने आधी बैल पाहिले, मग भैरूला. ओवाळलं. इंजिनाला कुंकू लावायचं म्हणून तिने बॉनेट वर केलं, तर आतून मोशीची धूळ दिसली. एवढं स्वच्छ इंजिनघर त्या रस्त्यावर कुणी पाहिलं नव्हतं.

"कुठं लावू वो?"

"बैलांना लाव," भैरू म्हणाला.

दोन बैलांना पुरलं. मागच्या जोडीपर्यंत कुंकू संपलं. शेजारणी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. भैरूने समोर बघितलं आणि गाडी निघाली, म्हणून दत्तोबा करी तसा भोंगा दाबला. बैल बिचकले.

"ओ ड्रायव्हर!" सोनबा पुढून ओरडला. "भोंगा नगं वाजवू, बैल बुजत्यात!"

भैरूला ड्रायव्हर म्हणणारा तो पहिला माणूस. पुढेही दुसरा कुणी निघाला नाही.