चौदा शब्द

उताऱ्याच्या कार्डावरचं प्लॅस्टिक एका कोपऱ्याला सुटलं होतं आणि त्यात उन्हाचा एवढासा तुकडा अडकला होता... कामिनीबाई त्याच्याकडेच बघत राहिल्या, म्हणजे समोर बसलेल्या वैभवीच्या डोळ्यांत बघायला नको. चाचणीची सूचना साफ होती: दुसरीतलं मूल एका मिनिटात किती शब्द वाचतं ते मोजायचं, परीक्षकानं बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, ओठसुद्धा हलवायचे नाहीत.

ओठसुद्धा — प्रशिक्षणात यावर सगळे हसले, त्याही हसल्या. आणि मग केंद्रप्रमुखांनी त्यांच्याच वर्गाचा व्हिडिओ पडद्यावर लावला. मुलं वाचताहेत, आणि खुर्चीतल्या बाईंचे ओठ प्रत्येक शब्दाच्या किंचित आधी उघडताहेत — लहानपणी रामटेकला त्यांची आई धाकट्या भावाला भरवायची तेव्हा तिचंच तोंड आधी उघडायचं, अगदी तसे. लाज वाटली होती. वर्षभर या पोरांनी वाचलं काय... पुस्तक, की मला?

तीन शब्द वाचून वैभवी थांबली. खाली महाल भागातल्या गल्लीतून एक स्कूटर गेली, तिचा आवाज दूर दूर विरत गेला, मोबाइलवर सेकंद पळत होते. वीस शब्द झाले नाहीत तर सोमवारपासून ही खालच्या गटात, दुसऱ्या बाईंकडे. सगळ्यांच्या आधी हात वर करणारी ही पोर.

"मॅडम, तुमी माह्यावर रागावल्या का?"

नाही गं, म्हणायचं होतं. तेही चालणार नव्हतं. ओठ ऐकेनात, तेव्हा बाईंनी खुर्चीच फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून बसल्या.

मागे कार्ड जवळ ओढल्याचा आवाज झाला. मग एक शब्द आला — अक्षराला अक्षर जोडत, चुकत, पुन्हा मागे जाऊन सावरत. मग दुसरा. वर्गातला तो घडाघडा सूर नव्हता हा. सावध, जरासा घोगरा असा हा आवाज त्यांनी वर्षभरात ऐकलाच नव्हता.

मोबाइल वाजला. चौदा शब्द. मोजणी संपली, पण वैभवी थांबली नाही.

आता नुसतं वळून बघितलं तरी ती पुन्हा माझ्या तोंडाकडे बघून वाचू लागेल, न अडखळता... आणि मला किती बरं वाटेल. त्या चौदा शब्दांत बाई कुठेच नव्हत्या. खालचा गट, सोमवार, सगळं जिथल्या तिथे होतं. उतारा त्यांना तोंडपाठ होता. तरी पुढचा शब्द ऐकायला त्यांचा जीव उतावीळ झाला होता.