बसऱ्याची लाइट

कन्सोल चांगला की कॉम्प्युटर, यावर आमच्या कचेरीतली तरुण मंडळी जेवणाच्या सुट्टीत रोज भांडतात. एक म्हणतो, कॉम्प्युटरवर चित्र स्वच्छ दिसतं, माउसने नेम बरोबर बसतो. दुसरा म्हणतो, कन्सोलला डोकं लागत नाही, तारा जोडल्या की झालं, गादीवर लोळत खेळा. मी बंदराच्या कचेरीत नदीतल्या गाळाचे नकाशे काढतो. वय अडतीस, म्हणजे या पोरांच्या हिशेबाने म्हातारा, त्यामुळे मला कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर एवढंच सांगितलं असतं की बाबांनो, लाइट गेल्यावर काय उरतं ते आधी बघा. बसऱ्यात राहून ज्याने एवढं ध्यानात घेतलं नाही त्याने खेळांबद्दल तोंड उघडू नये.

हाझिम आमच्या शेजारचा. त्याच्या मामाने अम्मानहून कन्सोल आणला तेव्हा आम्ही दोघं तेरा वर्षांचे होतो. ते इराकवरच्या निर्बंधांचे दिवस होते. साखरसुद्धा रेशनवर मिळायची आणि त्यात हा कन्सोल, त्यामुळे सगळी गल्ली त्यांच्या खिडकीशी. जॉयस्टिक दोनच होत्या. एक हाझिमची आणि दुसरी माझी, कारण मी हाझिमचा मित्र. बाकीच्यांनी पाळी लावायची.

लाइट तीन तास असायची आणि तीन तास नसायची. फुटबॉलची मॅच ऐन रंगात आली की हमखास जायची. बाकीची पोरं शिव्या देत घरी पळत. आम्ही दोघं बसून राहायचो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी जॉयस्टिक खाली ठेवायला गेलो, तर हाझिमने माझं मनगट धरलं.

"ठेवू नकोस. मॅच चालू आहे."

"कुठे चालू आहे? टीव्ही बंद आहे, गाढवा."

"टीव्ही बंद आहे, मॅच नाही. माझ्या अकरा नंबरने उजवीकडून बॉल काढलाय. बोल."

"माझा बॅक आडवा आला."

"तुझा बॅक घसरून पडला. मैदान ओलं आहे."

"ओलं कशाने?"

"पाऊस पडतोय की!"

"जुलै महिन्यात? तोही मामाने अम्मानहून आणला काय?"

काळोखात, मेलेल्या जॉयस्टिकची बटणं दाबत आम्ही तोंडाने मॅच खेळायचो. खांद्याला खांदा, घामाने दोघांचे सदरे एकमेकांना चिकटलेले. अंधारातले गोल धरले जायचे. लाइट आली की तोच स्कोअर पुढे. एक आख्खी फायनल मी अशी अंधारात हरलो आहे, आणि त्यात हाझिमने लबाडी केली होती असं माझं आजही मत आहे.

दोन हजार सातमध्ये हाझिम देश सोडून गेला. त्या वर्षी जो जाऊ शकत होता तो जात होता. तो स्वीडनला पोचला, गोथेनबर्गला. मग वर्षानुवर्षं ईदला फोन, कुणी वारलं तर फोन. चार वर्षांपूर्वी एकदा त्यानेच सुचवलं, "मुअय्यद, एक कॉम्प्युटर घे. आपण परत खेळू."

मी म्हटलं, "माझ्याकडे कन्सोल आहे की. तूही घे."

"माझी सगळी मंडळी कॉम्प्युटरवर आहेत रे. या खेळात कन्सोलवाले आणि कॉम्प्युटरवाले एकमेकांना भेटतच नाहीत. दोन वेगळी गावं समज."

मग मी त्याच्या गावाला गेलो. अशारच्या बाजारातून कॉम्प्युटर आणला, पडदा म्हणून घरातला मोठा टीव्हीच जोडला, कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक. चौघांनी मिळून एक किल्ला राखायचा, असा खेळ. मी, हाझिम, त्याच्याबरोबर काम करणारा निनोस, आणि निनोसचा मेहुणा. निनोस मूळचा मोसुलकडचा, जिभेचा तिखट. मेहुणा स्वीडिश, त्याला अरबी येत नव्हतं आणि बहुधा बोलण्याचाच कंटाळा होता. दर शनिवारी आमच्या दुपारी तीनपासून सहापर्यंत.

खरं सांगायचं तर कन्सोलवर खेळणं म्हणजे दोघांनी एका ताटात जेवणं, आणि कॉम्प्युटरवर खेळणं म्हणजे आपापला डबा उघडून बसणं. बोलणं होतं, हसणं होतं, पण समोरच्याचा हात दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे लाइट जाते तेव्हा माणसंच जातात. कन्सोलवर खेळ जायचा आणि हाझिम उरायचा. इथे टीव्ही काळा होतो, हेडफोन मुका होतो, आणि खोलीत मी एकटा. तिकडे त्यांना माझा शिपाई भिंतीवर खांबासारखा थिजलेला दिसतो, काही मिनिटांनी माझं नाव पुसलं जातं. मग मी अबू कौसरच्या जनरेटरची वाट बघत बसायचं.

अबू कौसर म्हणजे आमच्या गल्लीचा जनरेटरवाला. सरकारी लाइट गेली की त्याने यंत्र चालू करायचं आणि घरोघरी जोडणी द्यायची. पण त्याचा एक नेम आहे. हातातला चहा संपल्याशिवाय तो उठत नाही. लाइट जाते तेव्हा त्याच्या हातात चहा असतोच. एकदा मी गच्चीवरून ओरडलो, "अबू कौसर, लवकर!" तर खालून उत्तर आलं, "उस्ताद, सरकार वीस वर्षं घेतंय, मला दहा मिनिटं तरी द्या!"

तर या दहा मिनिटांनी माझा घात केला.

गेल्या वर्षी माझी आई गेली. बहीण लग्न होऊन नासिरियाला. घरात मी आणि कूलरचा आवाज. कचेरीत मला सगळे उस्ताद म्हणतात, गल्लीत उस्ताद म्हणतात, बेकरीत पाव देणारा सामूनवालासुद्धा उस्तादच म्हणतो. मुअय्यद म्हणून हाक मारणारा एक हाझिम उरला होता, तोही शनिवारी. मी बाकीचे सहा दिवस त्या तीन तासांच्या आशेवर ढकलत होतो, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी तीन वेळा लाइट गेली. तिसऱ्यांदा परत आलो तर किल्ला पडला होता. निनोस फणफणला, "मुअय्यदभाई, तुम्ही शिपाई आहात की भूत? दिसता आणि नाहीसे होता!"

हाझिम म्हणाला, "बघ मुअय्यद, पुढच्या महिन्यात या लोकांना स्पर्धेत उतरायचंय. तुझ्या लाइटचं असंच राहिलं तर... बघू. काहीतरी बघावं लागेल."

'काहीतरी बघावं लागेल' म्हणजे काय ते न समजायला मी दुधखुळा नव्हतो. माझ्या जागी दुसरा बघणार. आठवडाभर मला जेवण गेलं नाही. शेवटी गुरुवारी इन्व्हर्टर आणि बॅटरी घेऊन आलो. अबू कौसरचा पुतण्या इलेक्ट्रिशियन, त्याने बसवून दिलं. कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा डबा बॅटरीवर जोडले. टीव्हीची वायर तिथवर पोचत नव्हती, ती भिंतीतल्या सॉकेटलाच राहिली. पुतण्या म्हणाला, "उद्या लांब वायर आणतो." आमच्याकडे उद्या म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी हाझिमला काही कळवलं नाही. म्हटलं, शनिवारी लाइट जाईल, मी जाणार नाही, आणि तोच दचकून विचारेल, अरे, तू अजून इथे कसा?

शनिवारी सव्वाचारला लाइट गेली. पंखा थांबला, टीव्ही काळा झाला. मला दिसेना काही, त्यामुळे बोटं माउसवर तशीच राहिली. पण कानात तिकडचे आवाज चालूच होते. बॅटरी काम करत होती! मी इतका खूश झालो की बोलायच्या आधी जरा थांबलो, गंमत म्हणून.

निनोस म्हणाला, "थिजला. गेली बसऱ्याची लाइट."

आणि हाझिमने देवाचे आभार मानले, "अल्हम्दुलिल्लाह."

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी तोंड उघडणार तोच निनोस म्हणाला, "स्पष्ट सांगून का टाकत नाहीस त्याला? मी सांगू?"

"नको. काय सांगणार? आई गेली त्याची. घरात कुणी नाही. शनिवार सोडला तर त्याला दुसरं आहे काय?"

"आणि तुझं काय?"

"माझं..." हाझिमने सुस्कारा सोडला, तो मला इतका जवळून ऐकू आला की क्षणभर त्याच्या घरच्या त्या जुन्या खोलीतच असल्यासारखं वाटलं. "दर शनिवारी मला तेरा वर्षांचं व्हावं लागतं रे. तोच मामा, तीच गल्ली, तेच अंधारातले गोल. मला त्यातलं निम्मं आठवतही नाही. मी हो हो म्हणतो. दमतो मी."

मग दार उघडल्याचा आवाज आला. एका लहान मुलीचा आवाज, अरबी बोलणारी पण परदेशी वळणाची.

"बाबा, बसरा बंद?"

"बंद."

"मग ये!"

"आलो, सेल्मा. आलो. कुठवर आलं तुझं चित्रकोडं? निळे तुकडे राहिलेत का सगळे?" खुर्ची मागे सरकली. निनोस म्हणाला, "जा, मी बघतो किल्ला." लांबून पोरीचं खिदळणं आणि हाझिमचं खोटं खोटं रागावणं ऐकू येत राहिलं.

सेल्मा सहा वर्षांची. तिचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. शनिवारी ती कुठे असते, हा प्रश्न मला चार वर्षांत एकदाही पडला नव्हता. ती दाराबाहेर असायची, बसरा बंद व्हायची वाट बघत.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. निम्मं आठवत नाही म्हणतो! ती फायनल आठवत नाही? मनात आलं, माइकमध्ये ओरडावं, हाझिम, मी सगळं ऐकलंय. एवढं म्हटलं असतं की तो धावत आला असता, शपथा घातल्या असत्या, माफी मागितली असती. आणि त्यानंतर शनिवार उरला नसता. मी उठलो, इन्व्हर्टरपाशी गेलो आणि बटण बंद केलं. आता मी तिकडे खरोखर नव्हतो.

खाली अबू कौसरने यंत्र चालू केलं. पंखा फिरायला लागला. तरीही मी आणखी थोडा बसून राहिलो, घड्याळ बघत, म्हणजे संशय नको. मग इन्व्हर्टर चालू करून परत गेलो.

"लाइट गेली होती," मी म्हटलं.

"माहितीये," हाझिम म्हणाला, धापा टाकत. "कधी सुधारणार रे तुमचा देश?"

इन्व्हर्टर मी पुतण्याला परत नेऊ दिला. लाइट जाते ती जातेच म्हटलं, कशाला उगीच. स्पर्धेसाठी त्यांनी दुसरा गडी घेतला. शनिवार मात्र हाझिमने ठेवला, त्याबद्दल मी त्याला कधी बोल लावणार नाही.

पुढे थंडी सुरू झाली. थंडीत आमच्याकडे लाइट फारशी जात नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तीन वाजले, चार वाजले, साडेचार झाले, लाइट तशीच. हाझिम मामाबद्दल काहीतरी हो हो म्हणत होता. मी ऐकत होतो, आणि मला दुसरंच ऐकू येत होतं. शेवटी हेडफोन काढून उठलो, जिन्याखाली गेलो आणि घराचा मेन स्विच खाली ओढला.

दोन मिनिटांत दारावर थाप. अबू कौसर, हातात टेस्टर, पायात घाईत घातलेल्या उलटसुलट चपला. "उस्ताद! सगळ्या गल्लीत लाइट आहे, तुमच्याकडे नाही! फ्यूज गेला की काय?"

"नाही. मीच बंद केली."

"तुम्ही बंद केली? अहो, असलेली लाइट कोणी बंद करतं का?"

"दहा मिनिटं फक्त. चालू करतो मग."

तो 'शिकलेल्या लोकांचं काही खरं नाही' असं पुटपुटत गेला. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. शेजारच्या घरात टीव्ही मोठ्याने चालू होता.

आता दर शनिवारी मी हेच करतो. आधी दहा मिनिटं बसायचो, मग पंधरा. मागच्या शनिवारी पाऊण तास बसलो. परत गेलो तेव्हा हाझिम आला नव्हता. थोड्या वेळाने आला, हसत होता, अजून त्याचं हसू पुरतं थांबलेलं नव्हतं.

"हल्ली फारच जाते रे तुमची लाइट," तो म्हणाला.

"हो ना," मी म्हटलं. "यापुढे आणखी जाईल म्हणतात."