बारा तारांचा बेंजो

निकितानं हैदराबादहून आणलेली गिटार धम्मपालनं पिशवीतून बाहेर काढली आणि पहिल्याच नजरेत त्याला वाटलं, दुकानदारानं आपल्या पोरीला फसवलं.

"अगं, हिला तर दुप्पट खुंट्या हायेत," तो म्हणाला. "एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. हे काय लावलंय?"

"पप्पा, ही बारा तारांचीच असते. जुनी आहे, तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. आत बघा."

धम्मपालनं मोबाइलच्या उजेडात गोल भोकातून आत डोकावून पाहिलं. पिवळ्या पडलेल्या कागदावर कलकत्ता एवढं वाचता येत होतं आणि शाईनं लिहिलेलं साल, १९७४. आतून जुन्या पेटीसारखा वास आला, लाकडाचा आणि डांबरगोळ्यांचा.

निकिताची नोकरी हैदराबादला. सिकंदराबादेत जुन्या सामानाच्या एका दुकानात तिला ही गिटार दिसली आणि बापाची आठवण झाली. लहानपणापासून तिनं ऐकलं होतं की पप्पा एके काळी बेंजो वाजवायचे. टाइपरायटरसारख्या चाव्यांचा, पत्र्याच्या आवाजाचा तो बेंजो तिला कुठं मिळाला नाही. निदान तारा तरी आहेत म्हणून तिनं ही घेतली. चार दिवस राहून ती परत गेली आणि गिटार दिवाणावर पडून राहिली.

धम्मपाल परभणीच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला माणूस. एखादी वस्तू घरात नादुरुस्त पडून आहे हे त्याला सहन होत नसे. पोरगी गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यानं गिटार मांडीवर घेतली, एक डोळा मिटला आणि दांड्याच्या टोकाकडून खाली नजर लावली.

"चेसिस वाकलीय," तो बायकोला म्हणाला.

"बसगाडी हाय का ती?" रोहिणी स्वयंपाकघरातून म्हणाली.

पण चेसिस खरोखरच वाकली होती. इतकी वर्षं बारा तारांचा ताण सोसून गिटारची मान पुढं झुकली होती आणि तारा लाकडापासून इतक्या वर उठल्या होत्या की त्या दाबताना बोटं कापली जात. धम्मपालनं शोधलं तर मानेच्या आत लोखंडी सळई आणि तिच्या टोकाला नट सापडला. त्यानं हत्यारांची पेटी काढली, बारीक पाना लावला आणि पाव फेरा फिरवून थांबला. दुसऱ्या दिवशी आणखी पाव. इंजिनाची घाई चालते, लाकडाची चालत नाही, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. आठवड्याभरात मान सरळ झाली.

मग त्याच्या ध्यानात आलं की या तारा जोडीनं राहतात. खालच्या दोन जोड्या सारख्या, जुळ्या बहिणींसारख्या. वरच्या चार जोड्यांत मात्र एक तार जाड आणि तिच्या शेजारी एक बारीक, तोच सूर पण वरच्या सप्तकातला. दोन्ही एकदम छेडल्या की आवाज लांबून आल्यासारखा, थोडा थरथरत येई. बोटं ठेवायच्या पट्टीवर दुसऱ्या-तिसऱ्या घरात लाकूड झिजून खळगे पडले होते. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथंच बोटं टेकवली होती. धम्मपालनं त्या खळग्यांत आपली बोटं बसवली आणि तारा छेडल्या. भरल्या घरासारखा आवाज उमटला. कोण असेल तो माणूस, कुणास ठाऊक. बरं वाजवत असेल, एवढं त्याला कळलं.

निकितानं फोनवर गिटार शिकवणारे व्हिडिओ पाठवले. ते त्याला जमेनात. त्याचे कान वेगळ्या मातीचे होते. शेवटी त्यानं ठरवलं, ही आपल्याला येत नाही तर हिलाच आपलं येऊ द्यावं. सगळ्या जोड्या षड्ज-पंचमात लावायच्या, बेंजोला लावायचा तशा. तिसरी जोडी वर चढवायला गेला तर तिची बारीक तार फट्‌दिशी तुटून मनगटावर बसली. रक्त आलं. नवी तार कुरियरनं यायला सहा दिवस लागले. या वेळी त्यानं तिसरी जोडी जागेवर ठेवली आणि बाकीच्या खाली उतरवल्या.

सिमकार्ड ज्या प्लास्टिकच्या कार्डात येतं, त्याची तारा छेडायला नखी कापली आणि दुपारच्या निवांत वेळी त्यानं शेवटच्या जोडीवर एक ओळ वाजवली. बाकीच्या तारा खाली घुमत राहिल्या.

रोहिणी हातातलं काम टाकून दारात आली. "आवं, ह्यो तर बेंजो हाय!"

धम्मपाल तीच ओळ पुन्हा वाजवत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं पेट्रोमॅक्स लागली होती. चौऱ्याऐंशी ते एक्याण्णव, सात वर्षं. सोनपेठची गायन पार्टी. दिवसा गवंडीकाम करणारा सूर्यभान रात्री माइकपुढं उभा राहिला की हजार माणूस गप्प बसवी. ढोलकी, पेटी, टाळ आणि धम्मपालचा बेंजो. भीमजयंतीच्या महिन्यात एका गावाहून दुसऱ्या गावाला, मिळेल त्या टेम्पोनं, सामानावर बसून. पहाटे कुणाच्या तरी अंगणात पिठलं-भाकरी आणि माणसांची मागणी, जाता जाता ते पाटीचं गाणं पुन्हा एकदा म्हणा. मग धम्मपालला डेपोत नोकरी लागली, ढोलकीवाला पुण्याला गेला, आणि गावोगावी मोठाले स्पीकर आले. बेंजोच्या चाव्या गंजून गेल्या. सूर्यभान चार वर्षांपूर्वी वारला. मातीला धम्मपाल गेला होता, पण त्यानंतर त्या घरी त्याचं जाणं झालं नव्हतं.

आता बोटांनी वाजवलं ते तेच पाटीचं गाणं.

*पाटीवर पहिलं अक्षर, लेकीनं काढलं गं,*
*माझ्या अंधाऱ्या घरात, ऊन वाढलं गं*

इथवर दोघांनाही आलं. पुढचं आठवेना. रोहिणीनं हे गाणं स्वतःच्या लग्नाच्या मांडवात ऐकलं होतं, पण तिलाही दुसरी ओळ संपली की काही सुचेना.

"वहीत असंल," ती म्हणाली.

"वही सूर्यभानकडं व्हती."

"मग सरजाबाईला इचारा की. घर काय उठून गेलं न्हाई."

रोहिणीनं जुन्या रजईची खोळ शिवून दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मपाल गिटार मांडीवर घेऊन सोनपेठच्या गाडीत बसला. गाडीचा गिअर तिसऱ्यावर टाकताना कुरकुरत होता. जुन्या सवयीनं त्याला चुळबुळ झाली, पण तो गप्प राहिला.

सूर्यभानच्या घरी त्याची बायको सरजाबाई ओसरीत तुरीची डाळ निवडत बसली होती. सत्तरीची, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. सून राजेश्री अंगणवाडीतून नुकतीच आली होती.

"या भावजी," सरजाबाई म्हणाली. "लय दिसांनी. आन् हे काय आनलंय, सतार हाय का?"

"गिटार हाय वहिनी. पर बेंजोवानी वाजायलीय."

राजेश्रीनं पाणी दिलं. वहीचं विचारलं तर सरजाबाईनं मान हलवली. मागं एकदा घर गळत होतं, त्यात वह्या भिजल्या, पानं एकमेकांना चिकटली. "कोनतं गानं पायजे व्हतं?"

धम्मपालनं सांगण्याऐवजी वाजवलंच. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीला अंदाजानं पुढं गेला.

"तिथं तसं न्हाई," सरजाबाई डाळीवरची नजर न उचलता म्हणाली. "आधी वर जायचं, दम धरायचा, मंग उतरायचं."

आणि तिनं म्हणून दाखवलं. आवाज थकलेला, किंचित फाटलेला, पण सूर जिथल्या तिथं. दुसरं कडवं म्हटलं, तिसरं म्हटलं, एक शब्द अडला नाही. धम्मपालची नखी हवेतच राहिली. सात वर्षांत या बाईला त्यानं पार्टीसाठी भाकऱ्या थापताना पाहिलं होतं, गाताना कधीच नाही.

"वहिनी, तुमाला ही चाल इतकी पाठ कशी?"

"माझीच हाय ती."

तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला.

"आमची लेक भक्ती पहिलीत गेली तवा मी जात्यावर म्हनायची. शब्दबी माझेच. हे वसरीत बसून ऐकायचे. एक दिस वही घेतली, लिवून काढलं, ढोलकीचा ठेका बसवला. जयंतीला म्हनलं. लोकायला आवडलं."

धम्मपालनं नखी खाली ठेवली. प्रत्येक गावात, प्रत्येक स्टेजवर गाण्याआधी पुकारा करायचं काम त्याचंच होतं. गीत आणि चाल, आपले लाडके गायक सूर्यभान! त्यानं हे किती वेळा पुकारलं असेल याचा हिशोब नव्हता. आणि सोनपेठात कार्यक्रम असला की ही बाई मागं चुलीपुढं बसून ते ऐकत असे.

"मीच सांगायचो माइकवर," तो कसाबसा म्हणाला. "तुमी कवा बोलल्या न्हाईत."

"तुमाला काय ठावं व्हतं?" ती म्हणाली. "ते एकदा म्हनले, औंदाच्या जयंतीला तुजं नाव घिऊ. मंग गडबडीत ऱ्हायलं. माणूस वाईट नव्हता, भावजी. टाळ्या पडल्या की इसरायचा."

राजेश्री दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "आत्या, मला बी कधी सांगितलं न्हाई तुमी," ती म्हणाली.

"इचारलं कुनी?" सरजाबाई हसली. मग धम्मपालकडं वळली. "आन् चौथं कडवं तर तुमी ऐकलंच न्हाई. ते हेनी काढून टाकलं. बाप्या मानसाच्या तोंडी बसंना."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि डोळ्यांवर न लावताच म्हटलं,

*जात्याच्या पाळूवरी, बोट मी फिरवते,*
*लेकीचं पाहून पिठात, नाव माझं गिरवते*

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला.

"शिकल्या का मग?" धम्मपालनं विचारलं.

"नावापुरतं. सरजा. तीनच अक्षरं." तिनं चष्मा लावला. "वाजवा आता. पैल्यापासून."

त्यानं वाजवायला घेतलं. पहिल्या कडव्याला ती मागं पडली, दुसऱ्याला वरच्या सुराला आवाज चिरकला आणि ती खोकत थांबली.

"लय वर हाय वो तुमचं. माजा गळा आता तितका चढत न्हाई. खाली घ्या."

"आनिक खाली घेतलं तर तारा ढिल्या पडत्यात, वहिनी. आवाज लोळतो."

"लोळू द्या."

धम्मपालनं गिटार आडवी घेतली आणि पहिली खुंटी सैल केली. मग तिच्या जोडीची. बारा तारा उतरवायच्या म्हणजे वेळ लागणारच होता. एक उतरली की शेजारची बिघडे, पुन्हा मागं यावं लागे. दोनची गाडी निघून गेल्याचं राजेश्रीनं सांगितलं तेव्हा तो चौथ्या जोडीवर होता. सरजाबाई डाळ निवडत होती. मधूनच मान तिरकी करून ऐकत होती आणि सांगत होती, "अजून जरा. अजून."