कोरडा प्लग

"दादा, बस कर आता. बॅटरी बसेल," मिस्त्री म्हणाला.

दादानं ऐकलं नाही. त्यानं चावी पुन्हा फिरवली. सेल्फ घरघरला, इंजिन नुसतंच फिरत राहिलं. शेवटी त्यानंच चावी सोडली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून वैतागून बाहेर पाहिलं.

"फिरतेय चांगली, पण पकडत नाही. काय झालंय रे हिला? काल तर दिवसभर स्टँडवर होतो मी."

काल दादा दिवसभर घरात होता. स्टँडवर जाऊन त्याला वर्ष होत आलं होतं. पण ते सांगून उपयोग नव्हता. सांगितलं की तो चिडायचा, मग रडायचा, आणि चहाचा कप रिकामा होईपर्यंत सगळं विसरून जायचा. म्हणून मिस्त्रीनं बाह्या वर सारल्या आणि बॉनेट उघडलं. कालही त्यानं हेच केलं होतं, परवाही हेच.

"आधी करंट बघू," तो म्हणाला.

"बघ. पण नीट बघ. तुझं आपलं घाईचं काम असतं."

मिस्त्री हा गल्लीतला नावाजलेला माणूस. बंद पडलेली गाडी ढकलत आणायची आणि चालवत न्यायची, अशी त्याच्या गॅरेजची ख्याती. सख्ख्या भावाची टॅक्सी मात्र त्याला महिनोन् महिने चालू करता येत नाही, ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ झाली होती. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमन तर रोज सकाळी पेपर काखेत मारून हजरच असत. आयुष्यभर सायकल चालवलेल्या या गृहस्थांना मोटारीतलं सगळं कळायचं.

"ढकलून बघितलीत का?" पोस्टमननी आजही विचारलं.

"बघितली."

"पेट्रोलमध्ये पाणी असेल. माझ्या साडूच्या गाडीत असंच झालं होतं."

"नाही, पाणी नाही."

"मग दुसऱ्या कुणाला तरी दाखवा ना, मिस्त्री. यात कमीपणा कसला? माझ्या ओळखीत एकजण आहे, हां हां म्हणता चालू करून देईल."

मिस्त्रीनं बॉनेटमध्ये डोकं खुपसलं. "राहू द्या," तो म्हणाला, "घरची गाडी आहे, मीच करतो." पोस्टमन हसले. त्या हसण्याचा अर्थ न कळण्याइतका मिस्त्री बावळट नव्हता.

त्यानं पाना लावून प्लग काढला आणि दादाकडे पाठ करून खिशातल्या चिंधीच्या बोळ्यावर घासला. बोळा पेट्रोलनं भिजलेला होता. मग तो ओला प्लग त्यानं दादाच्या नाकाशी धरला.

"पेट्रोल येतंय," दादा हुंगून म्हणाला.

"येतंय ना. म्हणजे बिघाड करंटमध्ये आहे."

"मग शोध. मी आहे बसलेला."

आणि मग तासभर दोघे भाऊ ज्यात काही बिघडलेलंच नव्हतं ते उघडत आणि परत बसवत राहायचे. दादा पाने हातात द्यायचा, स्टँडवरचे किस्से सांगायचा, धाकट्या भावाच्या चुका काढायचा. खरं सांगायचं तर दिवसभरात तेवढाच वेळ तो पहिल्यासारखा असायचा. मिस्त्रीला तो तास आवडायचा आणि त्याच तासाची लाजही वाटायची. प्लग हुंगून बिघाड ओळखायला त्याला दादानंच शिकवलं होतं. वडील गेल्यावर हाताला धरून गॅरेजात नेऊन बसवणाराही दादाच. त्याच दादाला तो रोज ओला प्लग हुंगायला देत होता.

कारण बिघाड मिस्त्रीनंच केला होता. मागच्या सीटखाली टाकीतल्या पंपाला जाणारी वायर त्यानं तोडली होती आणि दोन्ही टोकं वेगवेगळी टेपमध्ये गुंडाळून परत लपवून ठेवली होती. पंप बंद, म्हणजे इंजिनात पेट्रोलचा थेंब जाणार नाही. चावी अर्धी फिरवली की चांगला पंप क्षणभर गुणगुणतो. हा गुणगुणत नाही, हे दादाच्या लक्षात येऊ नये म्हणून मिस्त्री नेमका तेव्हाच मोठ्यानं काहीतरी बोलायचा.

हे करायला सांगितलं होतं वहिनीनं.

गेल्या वर्षी दादानं स्टँडवरून एक भाडं घेतलं. एक बाई आणि तापानं फणफणलेलं तिचं लहान पोर. दवाखाना जवळच होता. दादा दवाखान्यावरून पुढे गेला आणि मोठ्या रस्त्याला लागला. बाईला आधी वाटलं, दुसरीकडून वळसा घालतोय. मग ती ओरडली, त्याच्या खांद्यावर बुक्क्या मारल्या, गाडी थांबव म्हणून विनवण्या केल्या. "आलंच, बाई, आलंच," असं म्हणत दादा जात राहिला. कुठे जायचं ते त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं आणि थांबायचंही त्याला सुचत नव्हतं. ओसाड रस्त्यावर पेट्रोल संपलं तेव्हा गाडी थांबली. पोर दवाखान्यात पोचेपर्यंत अंधार पडला होता. दोन दिवसांनी ते गेलं.

चौकशी झाली, लायसन्स जमा झालं. या माणसाचं डोकं आता काम करत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आणि दादा घरी आला. लवकर पोचलं असतं तर पोर वाचलं असतं का, असं मिस्त्रीनं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तो त्या बाईच्या घरीही गेला होता. तिनं दार उघडलं, हा कोण ते ओळखलं आणि दार लावलं. त्या दिवसानंतर मिस्त्रीला नीट झोप लागलेली नाही.

दादाला यातलं काही आठवत नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात तो सकाळी अंघोळ करून चावी मागायला लागला. चावी लपवली तर त्यानं कपाट फोडलं आणि मध्ये आलेल्या वहिनीवर हात उगारला. जन्मात कधी न उगारलेला हात. गाडी विकायची म्हणून एक दिवस दुसरीकडे नेऊन लावली, तर गाडी चोरीला गेली म्हणत तो अनवाणी गावभर फिरला.

तेव्हा वहिनी गॅरेजात आली होती. "भावोजी, गाडी त्यांच्या डोळ्यांसमोर राहू दे. फक्त चालू होता कामा नये," ती म्हणाली.

"बॅटरी काढून ठेवू?"

"ते त्यांना लगेच कळेल. सापडणार नाही असं काहीतरी करा." मग निघता निघता ती म्हणाली, "आणि गाडीबद्दल काय वाट्टेल ते सांगा, पण त्या पोराचं कधी कानावर जाऊ देऊ नका. आयुष्यभर कुणाला साधा धक्का लावला नाही त्यांनी. विसरलेत तेच बरं आहे."

मिस्त्रीनं मान डोलावली होती.

पोस्टमन दुसऱ्या मिस्त्रीबद्दल बोलले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला निघायला उशीर झाला. गॅरेजात एक ट्रक अडकून बसला होता. तो पोचला तेव्हा टॅक्सीचं बॉनेट उघडं होतं आणि दादा पायरीवर बसला होता. हाताला काळं लागलेलं, मांडीवर पाना. प्लग त्यानं स्वतःच काढला होता.

"इकडे ये. हुंग," दादा म्हणाला.

मिस्त्रीनं हुंगला. प्लग कोरडा ठणठणीत होता.

"पेट्रोल येतच नाही," दादा म्हणाला. "आणि तू इतके दिवस करंट शोधतोयस?"

इतके दिवस, हे शब्द ऐकून मिस्त्री चरकला. दादाच्या डोळ्यांत आज ती रोजची हरवलेली नजर नव्हती. कितीतरी दिवसांनी तो समोरच्या माणसाकडे सरळ बघत होता. एरवी मिस्त्रीला आनंदानं रडू आलं असतं, आज मात्र त्यानं खिशातला बोळा मुठीत दाबला.

"चावी अर्धी फिरव," दादा उठत म्हणाला, "आणि तोंड बंद ठेव."

मिस्त्रीनं चावी फिरवली. दादा मागच्या दारातून आत वाकून कान देऊन उभा राहिला. पोस्टमन काहीतरी सुचवणार होते, त्यांना त्यानं हातानंच गप्प केलं. मागून काही आवाज आला नाही.

"पंप मेलाय."

"फ्यूज गेला असेल, दादा."

"फ्यूज बघितला मी." त्यानं मागची सीट उचकटली, झाकण काढलं आणि वायरवरून बोट फिरवत नेलं. बोट टेपवर थांबलं. त्यानं ती टेप नखानं सोडवली, मग दुसरी सोडवली आणि दोन्ही टोकांकडे बघत राहिला.

पोस्टमननी मान लांब केली. "काय हो, उंदरानं खाल्ली का?"

"हो, उंदीरच," दादा म्हणाला. "पोस्टमन, तुम्ही जरा घरी जा."

पोस्टमन गेले. वहिनी दारात येऊन उभी होती.

"चांगली गुंडाळलीयस टेप," दादा म्हणाला. "का केलंस?"

मिस्त्रीकडे थापा कमी नव्हत्या. गाड्यांच्या मालकांना काय सांगून गप्प करायचं ते त्याला चांगलं जमायचं. पण दादा असा समोर उभा असताना त्यातली एकही चालण्यासारखी नव्हती.

"तुझं लायसन्स जमा झालंय, दादा."

"ते का जमा झालं?"

"भावोजी," वहिनी दारातून म्हणाली. तिच्या आवाजात विनवणी होती.

"तिच्याकडे बघू नकोस. मला सांग."

आणि मिस्त्रीनं सांगितलं. सगळं नाही, निम्मं. एक बाई होती, पोर आजारी होतं, तू दवाखाना सोडून लांब घेऊन गेलास, पेट्रोल संपलं. दादा हळूहळू मागच्या सीटच्या कडेला टेकला.

"टोपडं होतं डोक्यावर," तो म्हणाला. "आरशात दिसायचं मला. मला वाटलं, झोपलंय." मग त्यानं वर पाहिलं. "बरं आहे ना ते?"

मिस्त्रीनं वहिनीकडे पाहिलं. ती चौकट धरून उभी होती.

"बरं आहे," मिस्त्री म्हणाला.

"तू बघितलंस?"

"बघितलं. घरी जाऊन आलो मी. खेळत होतं."

दादानं मान हलवली. त्याला पटलं की नाही, ते मिस्त्रीला कळलं नाही. एवढं मोठं खोटं तो जन्मात बोलला नव्हता, आणि खरं काय ते सांगायची हिंमतही त्याच्यात नव्हती.

"ही वायर मला सापडली," दादा म्हणाला. "आज डोकं जागेवर आहे म्हणून सांगतो. उद्या मी हे सगळं विसरेन, परत शोधेन आणि जोडेन. जोडली की निघेन. तेव्हा कुणाचं पोर बसलेलं असेल कुणास ठाऊक." त्यानं पाना पुढे केला. "पंपच काढून ने."

"दादा, तसं नको. नुसती वायर दुसरीकडून—"

"काढ म्हणतो ना. मी धरतो."

दोघांनी मिळून पंप काढला. दादानं टाकीचं तोंड कापडानं पुसलं, झाकण बसवलं, सगळे नट घट्ट केले आणि एकदा परत तपासले. पंपातून पेट्रोल ठिबकत होतं. दादानं स्वतःचा जुना शर्ट आणून पंप त्यात गुंडाळला आणि मिस्त्रीच्या हातात दिला.

"मी परत हिचा बिघाड शोधायला लावला तर येशील ना?"

"येईन."

"शिव्या देईन तुला. मनावर घेऊ नकोस."

मिस्त्री पंप काखेत धरून चालत गॅरेजात आला. ट्रकवाला खोळंबला होता. त्याला उद्या ये म्हणून सांगून त्यानं दार आतून लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो खिशात ओला बोळा घेऊन गेला, शिव्या खायची तयारी ठेवूनच. पण टॅक्सीत कुणी नव्हतं. दादा पायरीवर बसला होता. डोळ्यांत तीच रोजची हरवलेली नजर परत आली होती. गाडीकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"गाडी बघू का, दादा?" मिस्त्रीनं विचारलं.

"कुठली गाडी?" दादा म्हणाला. मग त्यानं मिस्त्रीचा हात धरला. "माझ्या मागे एक पोर होतं बघ. टोपडं घातलेलं. त्याचं काय झालं?"

आत वहिनीच्या हातातलं भांडं पडलं. गाडी, स्टँड, तोडलेली वायर, काढलेला पंप, सगळं एका रात्रीत पुसलं गेलं होतं. जे पुसलं जायला हवं होतं, तेवढंच राहिलं होतं. दादाची बोटं मिस्त्रीच्या मनगटात रुतली होती.

"बरं आहे ते, दादा," मिस्त्री म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. कालच दिसलं होतं."

दादानं हात सोडला. चहा आला, तो त्यानं प्यायला. कप खाली ठेवला आणि पुन्हा विचारलं.

याला आता चार वर्षं झाली. मिस्त्री गॅरेज उघडायच्या आधी रोज जातो, हत्यारं न घेता. टॅक्सीच्या चारही चाकांतली हवा गेली आहे आणि मिस्त्रीनं शेवटी हात टेकले, असं पोस्टमन गल्लीत सांगत असतात. दादाला नुसतं बरं आहे एवढ्यानं समाधान होत नाही, रोज काहीतरी नवं सांगावं लागतं. आधी पोर बोलायला लागलं, मग शाळेत जायला लागलं. त्याला गणित आवडतं. मध्यंतरी ते झाडावरून पडलं, असं मिस्त्री चुकून बोलून गेला, तर दादा दिवसभर जेवला नाही. तेव्हापासून मिस्त्री सांभाळून बोलतो.

काल काय सांगावं ते त्याला पटकन सुचेना.

"दात पडायला लागलेत त्याचे," तो म्हणाला. "पुढचे दोन पडले."

वहिनी तोंड फिरवून आत गेली. दादा मात्र कितीतरी दिवसांनी खळखळून हसला.

"पडू दे," तो म्हणाला. "नवे येतील."